रंग नको, गल्ली सांगा

पावसाळ्यात एक वाक्य ठरलेलं असतं : "इशारा दिला होता, लोकांनीच ऐकलं नाही." अधिकारी ते बोलतात, वर्तमानपत्रं छापतात आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणारे लोक व्हॉट्सॲपवर पुढे ढकलतात. जुन्या सांगवीत मुळानगर किंवा मधुबन सोसायटीच्या बाजूला घरात पाणी शिरलं की हे वाक्य हमखास कानावर येतं. माझं भांडण या वाक्याशी आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून आधी शब्दाकडे पाहते. 'इशारा' दोन्ही भाषांत आहे. उर्दूत तो म्हणजे खूण, डोळ्यांनी किंवा बोटानं केलेली; समजणाऱ्यानं समजून घ्यायची. मराठीत आल्यावर त्याच शब्दाला धार चढली आणि तो धोक्याची स्पष्ट ताकीद झाला. आपलं प्रशासन शब्द मराठीतला वापरतं आणि प्रत्यक्षात देतं उर्दूतला इशारा.

'पुणे जिल्ह्याला रेड अलर्ट' म्हणजे नेमकं कुणाला? हा जिल्हा ताम्हिणीपासून इंदापूरपर्यंत पसरलेला आहे. 25 जुलै 2024 च्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत ताम्हिणीत 556 मिलिमीटर पाऊस पडला, शिवाजीनगरला 114. हवामान खात्याच्या हिशेबात 204.4 मिलिमीटरच्या पुढे 'अत्यंत मुसळधार' ही शेवटची पायरी लागते. ताम्हिणी त्या पायरीच्या अडीचपट वर होतं आणि शिवाजीनगर 'मुसळधार'मध्येच. खातं घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं, हे मान्य. पण सांगवीतला माणूस 'घाट' शब्द ऐकतो आणि निर्धास्त झोपतो, कारण घाट तिकडे लोणावळ्याला. त्याच्या घरात येणारं पाणी त्याच्या डोक्यावर पडतच नाही, ते मुळशीत आणि मावळात पडतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

जुनी सांगवी मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. मुळेवर मुळशीचं धरण, ते टाटांचं. पवना धरण जलसंपदा विभागाचं. नदीच्या अलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका, पलीकडे औंधला पुणे महापालिका. पाऊस हवामान खात्याकडे, शाळेची सुट्टी जिल्हाधिकाऱ्यांकडे. प्रत्येकानं आपापला कागद वेळेवर पाठवलेला असतो. आमच्या मुलांनी तर रेड अलर्टचा अर्थ आपल्या परीनं लावून टाकला आहे : "टीचर, उद्या रेड आहे, म्हणजे सुट्टी ना?" दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं की रंगावरचा उरलासुरला विश्वासही जातो.

मग येतो क्युसेक. 'पवनेतून 10,000 क्युसेक विसर्ग, नागरिकांनी सतर्क राहावे.' एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी. गुणाकार करून 2,83,000 लिटर काढता येतील, पण त्या उत्तराचं करायचं काय? फ्रिज पलंगावर ठेवायचा की म्हातारीला उचलून नातेवाइकांकडे न्यायचं? 'सतर्क राहावे' हे क्रियापद कुठलंच काम सांगत नाही. असं वाक्य मुलांनी निबंधात लिहिलं तर मी खाली लाल रेघ मारते.

त्याच जुलैत सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना पहाटे पाण्यानं जागं केलं. खडकवासल्याचा विसर्ग सुमारे 35,000 क्युसेकपर्यंत गेला होता. डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत पाण्यातली हातगाडी हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्यानं गेले. नंतर वाद रंगला तो कुणी कुणाला कळवलं होतं याचा.

यावर उत्तर मिळतं की निसर्गाचा इतका नेमका अंदाज देता येत नाही. ढग कोणत्या गल्लीवर फुटेल हे सांगता येत नाही, हे खरंच आहे. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला 73. पण धरणाचा विसर्ग हा अंदाज नाही, तो निर्णय आहे. दार किती वाजता आणि किती उघडायचं, हे उघडणाऱ्याला आधी माहीत असतं. धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी त्यात मिसळतं, तेवढा भाग अनिश्चित. पण ते कारण सगळ्याच अज्ञानासाठी कसं चालेल? नदीची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. त्या आखणारा विभागही जलसंपदाच. बांधकाम परवानगीच्या फायलीत ज्या रेषा चालतात, त्या रात्री दोन वाजता लोकांना जागं करायला का चालत नाहीत?

विज्ञान कमी पडतं म्हणावं तर तेही नाही. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे 2025 मध्ये सुरू झाली. आधीच्या 12 किलोमीटरच्या जागी आता 6 किलोमीटरच्या चौकटीत अंदाज निघतो. मुंबईला 2020 पासून वॉर्डनिहाय पूर-इशाऱ्याची यंत्रणा आहे. पाषाण ते सांगवी रिक्षानं जाता येतं, तरी सांगवीच्या वाट्याला अख्खा जिल्हाच येतो.

"नदीत घरं बांधलीच कशाला?" हा शेवटचा टोमणा. ज्यानं बांधली, त्यानं विकून पैसे केले. आत राहतो तो लातूरहून किंवा बिहारहून आलेला भाडेकरू, आणि भाडेकरारावर निळी रेषा छापलेली नसते. पाणी चढतं तेव्हा घरातला कर्ता बहुतेक वेळा चाकणला रात्रपाळीत असतो. घरात बाई, दोन मुलं आणि कपाटातली कागदपत्रं.

1970 च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात लाखो माणसं मेली. त्यानंतर तिथे गावागावांत स्वयंसेवक नेमले गेले. हातात भोंगा, खांबावर निशाण, आणि दारोदार जाऊन सांगणं. आपल्याकडे भोंगे कमी नाहीत. मशिदीतून जनाज्याची वेळ पुकारली जाते, हरवलेल्या मुलाचं वर्णनही. मंदिराचा, विहाराचा, गणेश मंडळाचाही स्पीकर आहे. भोंग्यांवर महाराष्ट्रात पुष्कळ भाषणं झाली, एकदा या कामासाठीही होऊ द्या. महापालिकेनं प्रत्येक नदीकाठच्या वस्तीत चार माणसांचे नंबर घ्यावेत, धरणावरून थेट त्यांना फोन जावा, आणि त्यांनी मराठीत, हिंदीत पुकारावं : अमुक वाजता पाणी सुटतंय, या तीन गल्ल्यांनी आता निघायचं, शाळा उघडी आहे, कागदपत्रं घ्या, जाताना मेन स्विच बंद करा.

आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर निळा पट्टा मारून शेजारी लिहावं की मुळशीतून आणि पवनेतून किती सुटलं म्हणजे पाणी इथवर येतं. हा आकडा एकतर जलसंपदाकडे आहे, नाहीतर 2019 आणि 2024 मध्ये ज्यांच्या भिंतीवर पाण्याची ओल चढली होती त्या घरांत आहे. दोन्हीकडे जाऊन तो विचारायला जून उजाडायची वाट पाहू नये.