आपोआप कळतं!

'वय झालं की सगळं आपोआप कळतं' असं म्हणणाऱ्या मंडळींविषयी मला नितांत आदर आहे. हीच मंडळी मुलीला बी. कॉम.ला घालतात आणि घसारा कसा काढायचा हे समजावं म्हणून वर क्लासही लावतात. यंत्राची झीज शिकायला तीन वर्षं, स्वतःच्या शरीराचं मात्र आपोआप! अहो, आमच्या भिवंडीत मागसुद्धा आपोआप चालत नाही. धोटा अडकला की जॉबरला हाक मारावी लागते.

बरं, विषय चारचौघांत काढत नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. 'गुप्तरोग' हा शब्द भिंतीवर हातहातभर अक्षरांत रंगवलेला असतो. इतका उघडा गुप्त विषय दुसरा नसेल! पण ती भिंतही पुरुषांसाठी. मुलींच्या वाट्याला येते मेडिकलवाल्याने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी. त्यात निदान वाचायला तरी काही मिळतं, म्हणा.

ही साहेबाची थेरं म्हणून हात झटकावेत, तर तीही सोय नाही. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते आपल्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी. विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. कॉलेजला हे रुचेना. १९२५ साली नोकरी सुटली. (आम्ही नोकरदार माणसं आधी प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब केला असता.) १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. आणि २००७ साली याच महाराष्ट्राने शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं!

'मुली बिघडतील हो!' हा पुढचा मुद्दा. भारतातल्या बायकांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग दुसऱ्या क्रमांकावर आहे. बहुतेक वेळा तो एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, आणि विषाणू येतो शरीरसंबंधातून. त्यावर लस आहे; २०२३ पासून पुण्याच्या सीरमचीही आहे. पण संबंध येण्याआधी घेतली तर तिचा उपयोग सर्वांत जास्त. आपोआप कळेपर्यंत थांबलं तर ती मुदत टळते. लग्न ठरवताना छत्तीस गुण मोजणारे आपण, लस टोचलीय का हे कुणी विचारलंय?

कॉलेजांनी फार काही करू नये. वर्षातून चार तास एक लेडी डॉक्टर बोलवावी. नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला एक पेटी ठेवावी. प्राचार्यांनी स्वागताचं भाषण करावं, नारळ द्यावा आणि खोलीबाहेर जावं.