मी फक्त पुढे पाठवलं होतं

२०१८च्या जून महिन्यात माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचं पोर उचलून पळून जातात. खाली लिहिलं होतं, मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा. मी तो काळजीपोटी घरच्या ग्रुपवर टाकला.

पुढे कळलं, ती कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते मूल परत आणून सोडतात. तेवढा भाग कुणीतरी कापला होता.

त्याच आठवड्यात, दर जुम्याला आमच्या मोहल्ल्यात येणाऱ्या फकीरबाबांना पोरांनी अडवलं. झोळी उलटी केली. पीठ, दोन रोट्या आणि चिल्लर निघाली. कुणी हात उगारला नाही, पण बाबा पुन्हा आले नाहीत. मी खिडकीतून बघत होतो. खाली उतरलो नाही.

१ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं. मुलं पळवणारे असल्याचा संशय, एवढंच कारण.

त्यानंतर सगळा दोष मोबाइलवर गेला. व्हॉट्सअॅपने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाच जणांनाच पाठवण्याची मर्यादा आणली. ठीकच झालं. पण हा आळ गावच्या सावकारावर का येत नाही? ज्याच्यासाठी ‘हा आमचा माणूस आहे’ म्हणणारं कुणी नसतं, त्यालाच तो चिकटतो. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२मध्ये गेला, भटक्यांकडे बघण्याची नजर राहिली.

नाव ऐकून, दाढी बघून संशय घेतला जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरीही बाबांच्या झोळीत हात घालणारी पोरं आपलीच होती.

हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर मदिनेत तोहमत आली, तेव्हा महिनाभर ती जिभेवरून जिभेवर फिरत राहिली. फिरवणाऱ्यांत काही नेक मुसलमानही होते. सूरह नूरने फक्त कुभांड रचणाऱ्यालाच फटकारलं नाही. मामुली गोष्ट समजून ती पुढे सांगणाऱ्यांनाही विचारलं, ऐकताक्षणीच हे खोटं आहे असं का म्हणाला नाहीत? हा किस्सा आपण तकरीरीत किती वेळा ऐकला आहे! ‘मी फक्त पुढे पाठवलं’ ही सबब तिथेच संपते.

नंतर मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, तो व्हिडिओ खोटा होता, माझं चुकलं. कुणी उत्तर दिलं नाही. फकीरबाबांचीही माफी मागायची आहे. पण इतकी वर्षं ते दारात येत होते, आणि त्यांचं नाव काय, राहतात कुठे, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं.