काजू आपला आणि मॅकरून तुतिकोरिनचं!

मंडळी, आज राजकारण नाही. आज खाण्यावर लिहितोय, पण शेवटी विषय आपल्या तालुक्याच्या खिशापर्यंत जाणार आहे, तेव्हा पूर्ण वाचा.

तामिळनाडूत तुतिकोरिन नावाचं बंदराचं गाव आहे. सरकारी नाव थूथुकुडी. तिथली ओळख म्हणजे मीठ, मोती आणि मॅकरून. हे मॅकरून म्हणजे अंड्याचं पांढरं, साखर आणि काजूची भरड. बस्स. मैदा नाही, तूप नाही. निमुळतं, पांढरट, तोंडात टाकलं की विरघळणारं. युरोपात हाच प्रकार बदामाचा करतात. तुतिकोरिनच्या बेकरीवाल्यांनी बदाम बाजूला ठेवून काजू घेतला आणि पदार्थ आपला करून टाकला. आज त्या गावाला गेलेला माणूस मॅकरूनचा पुडा घेतल्याशिवाय परतत नाही.

आता आपलं बघा. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर आणलं. म्हणजे आपल्या शेजारीच. वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती तिथून निघून देशभर गेल्या. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकनही आहे. एवढं सगळं असून आपण विकतो काय? काजूबी. सुमारे ४ किलो बी फोडली की १ किलो गर मिळतो. बी विकणाऱ्याला बीचा दर, आणि तो दर परदेशातून, मुख्यतः आफ्रिकेतून, किती बी आली त्यावर हलतो. दरवर्षी मार्च-एप्रिलला आपण दरासाठी ओरडतो, निवेदनं देतो, फोटो काढतो. जूनला पाऊस पडला की विषय संपला.

माझं म्हणणं साधं आहे. दरासाठी भांडायलाच हवं. पण बीच्या पुढे दोन पावलं टाकायलाही हवीत, आणि मॅकरून हे त्यातलं सगळ्यात स्वस्त पाऊल आहे.

का, ते सांगतो. काजू फोडताना तुकडा होतोच. अख्ख्या गराला मोठा भाव, तुकड्याला कमी. मॅकरूनला काजू भरडायचाच असतो, म्हणजे अख्खा गर लागतच नाही. वर एक किलो मॅकरूनमध्ये साधारण अर्धा किलो काजू आणि जवळजवळ तेवढीच साखर. हिशोब तुम्हीच करा.

घरी करून बघायचं असेल तर प्रमाण असं. तीन अंड्यांचं पांढरं, १५० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम काजू. पांढऱ्यात पिवळ्या बलकाचा थेंब किंवा भांड्याला तेलाचा हात चालत नाही, फेस चढत नाही. भांडं उपडं केलं तरी फेस पडू नये इतकं फेटायचं, साखर थोडी थोडी घालायची. काजू मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचा, सलग फिरवला की तेल सुटतं. मग भरड हलक्या हाताने मिसळून, कागदावर छोटे ढीग घालून ११०-१२० अंशांवर तासभर भाजायचं, आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचं. खरं तर भाजायचं कमी, वाळवायचं जास्त. म्हणूनच कुकरमध्ये जमत नाही, तिथे वाफ कोंडते.

"ओव्हन कुठून आणायचा?" हा प्रश्न येणारच. अहो, दिवाळीला पीठ-तूप-साखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायची पद्धत आपल्याकडे होतीच ना? पाव निघाल्यानंतर भट्टीत जी मंद धग उरते, ती मॅकरूनला अगदी हवी तशी. बेकरीवाल्याशी ठरवून दिवसाचे दोन तास घेता येतील. तालुक्यातल्या चार बचतगटांनी मिळून एक भट्टी भाड्याने घेतली तर आणखी उत्तम.

दुसरी अडचण अंड्याची. काही घरांत अंडं चालत नाही, त्यांच्यावर जबरदस्ती नको. पण मासळी खाणाऱ्या किनाऱ्यावर अंड्यासाठी अडून बसावं असंही नाही. पाकिटावर मांसाहाराची खूण आणि काजू-अंड्याचा उल्लेख ठळक असला पाहिजे, लपवाछपवी नको.

तिसरी अडचण आपली हवा. पावसाळ्यात मॅकरून तासाभरात मऊ पडतं. तेव्हा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरायचा आणि हवाबंद डबा हवाच. योगायोग बघा, पर्यटकही तेव्हाच येतात. मालवणहून जाताना ते खाजा नेतात, सोबत हेही नेतील.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. छोट्या गृहउद्योगाला अन्नसुरक्षेची साधी नोंदणी लागते, शुल्क वर्षाला १०० रुपये. केंद्राच्या २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बचतगटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद केली होती. त्यातले किती पैसे आपल्या तालुक्यात आले, किती बायकांपर्यंत पोचले, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. मीही विचारणार आहे.

प्रशिक्षणाच्या नावाखाली किती वर्षं पापड, लोणचं आणि मसालाच शिकवणार? एका गल्लीत पाच गट तेच लोणचं विकतात आणि एकमेकींचा भाव पाडतात. त्याच तुतिकोरिन जिल्ह्यातल्या कोविलपट्टीने साध्या शेंगदाण्याच्या चिक्कीला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. शेंगदाण्याच्या चिक्कीला! आपल्याकडे तर काजू आहे.

बचतगटातल्या ताई, बेकरीवाले दादा, बागायतदार, तुम्हाला काय वाटतं ते कमेंटमध्ये लिहा. कोणी आधीच करत असेल तर प्रमाण आणि अनुभव नक्की सांगा. आणि पंचायत समितीतलं कोणी वाचत असेल, तर पुढचं प्रशिक्षण ठरवण्याआधी एकदा गटातल्या बायकांना विचारा, त्यांना काय शिकायचंय.