समानार्थी ट्रान्झिस्टर

जुन्या अँप्लिफायरचा ट्रान्झिस्टर जळाला, तो आता बाजारात मिळत नाही, मग कोष्टकात पाहून 'बदली' बसवावा, ही रूढ रीत मला मान्य नाही. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या प्रांतात नाक कशाला खुपसावे, असे कोणी म्हणेल. पण शब्दकोशातला प्रत्येक समानार्थी शब्द ओळीत चपखल बसत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

एसी १२८ घ्या. हा जर्मेनियमचा. त्यातून प्रवाह वाहू लागण्यास पाव व्होल्टच्या आसपास दाब पुरतो. सिलिकॉनला सुमारे ०.६ व्होल्ट लागतो. शेवटच्या जोडीत सिलिकॉन घातला आणि बायस तसाच ठेवला, तर एक ट्रान्झिस्टर थांबून दुसरा सुरू होईपर्यंत मध्ये खंड पडतो. मोठ्या आवाजात तो झाकला जातो. हळुवार सुरात मात्र खरखर कानाला बोचते. दोष मग रेकॉर्डला!

२एन३०५५ चे तर नावही बदललेले नाही. १९६० च्या दशकात आरसीएने काढलेला तो संथ होता. त्याच क्रमांकाचे नंतरचे एपिटॅक्सियल घडणीचे चपळ. जुन्या मंडलात हा चपळपणा कधी कधी अंगाशी येतो. कानाला न कळणारी आंदोलने सुरू होतात आणि नवा ट्रान्झिस्टरही तापून जातो.

म्हणून व्होल्ट, अँपिअर, वॅट जुळले की थांबू नये. वेग पाहावा, गेन पाहावा, जोडीतले दोन्ही बदलावेत, बायस नव्याने लावावा. एवढ्या वेळाचे पैसे गिऱ्हाईक देते का, हा दुरुस्तीवाल्यांचा प्रश्न रास्तच आहे. माझे म्हणणे, गिऱ्हाइकाने ते द्यावेत; जमत नसेल तर अँप्लिफायर तूर्त बंदच ठेवावा.