प्रोजेक्टवर फक्त सही करणार आहात का?



आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा येतो. पाथर्डीकडचा. परवा सांगत होता, "ताई, प्रोजेक्ट रिपोर्ट करून देणारा माणूस सापडलाय. विषय तोच देतो, रीडिंग तोच भरतो, बाइंडिंगही करून देतो."

मी विचारले, "मग तू काय करणार?"

म्हणाला, "सही."

तो आळशी मुलगा नाही. आईवडील ऊसतोडीला जातात. तो रोज एसटीने येतो-जातो, सुट्टीत कामाला जातो. वर्गात चांगले विषय वाटून झाल्यावर उरलेला विषय त्याच्या वाट्याला आला. गाइडने दोन महिन्यांत दोनदाच वेळ दिला. त्यामुळे त्याच्यावर रागावणे सोपे आहे, पण ते अर्धेच खरे ठरेल. उरलेले अर्धे व्यवस्थेचे आहे आणि त्यावर मी शेवटी येणारच आहे. आधी आपले बोलू.

नवीन शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्पाचे वजन वाढले आहे. तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्या सत्रात 6 श्रेयांक. म्हणजे हा आता शेवटच्या महिन्यात उरकायचा उपचार राहिलेला नाही. शिवाय यूजीसीचे 2018 चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम पदव्युत्तर प्रबंधांनाही लागू आहेत. साम्य 10 टक्क्यांच्या वर गेले की कारवाई सुरू होते. 40 टक्क्यांपर्यंत पुन्हा लिहून द्यावे लागते, 60 पर्यंत एक वर्ष सादर करता येत नाही, त्यावर नोंदणीच रद्द. आपल्या मुलाचे एक वर्ष गेले तर घरात काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि पकडला गेला की बोलणारे तयारच असतात: "आरक्षणवाले असेच!" विकतचा रिपोर्ट म्हणजे आपल्याच पैशाने त्यांच्या हातात दिलेली काठी आहे.

बाबासाहेबही एमएस्सी होते, हे आपण किती वेळा आठवतो? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून 1921 मध्ये, ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहून. पुढे डीएस्सीसाठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध 1922 मध्ये सादर केला. परीक्षकांनी आक्षेप घेतले, पुन्हा लिहायला सांगितले. त्यांनी पुन्हा लिहिला आणि 1923 मध्ये पदवी मिळवली. तो ग्रंथ छापला गेला तेव्हा त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि आपले काही मतभेदही त्यातच नोंदवले. शिष्याने गुरूशी असहमत व्हावे आणि गुरूने तरीही त्याच्यासाठी लिहावे! कशाच्या बळावर? स्वतः गोळा केलेल्या पुराव्याच्या. विकतच्या रिपोर्टमध्ये बाकी सगळे मिळते, हे बळ मिळत नाही.

मग विषय कुठून आणायचा? मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, रसायनशास्त्र मला शिकवता येणार नाही. पण प्रश्न दाखवता येतो. मी त्या मुलाला म्हटले, तुमच्या वस्तीच्या हातपंपाचे पाणी आणि गावातल्या विहिरीचे पाणी, दोन्ही तपासले आहेस का कधी? 1927 मध्ये बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे "शुद्ध" केले. पाण्याची शुद्धता जातीवर ठरत नाही, ती लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे. फ्लोराइड 1 पर्यंत चालते, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. वस्तीचे पाणी या मर्यादेत बसते का? नसेल तर ग्रामपंचायतीला प्रश्न विचारायला तुमच्या हातात आकडा असेल. बसत असेल तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहायचे. उत्तर आधी ठरवून मोजमाप करणे हे संशोधन नव्हे. तपासल्याशिवाय मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते आपल्यालाही लागू आहे.

आता कामाच्या गोष्टी. पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, वेळ, ठिकाण, बाटलीचा क्रमांक. प्रत्येक मोजणी तीनदा करा. चुकलेले रीडिंग खोडू नका, त्यावर एक रेघ मारा आणि कारण लिहा. "साहित्य व पद्धती" हे प्रकरण काम चालू असतानाच लिहा, कारण नंतर आठवत नाही. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव द्या. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहिली तरी चालते.

सादरीकरणाच्या आधी विहारात, घरात, मित्रांसमोर तीनदा बोलून बघा. इंग्रजीची भीती असेल तर लहान वाक्ये करा. स्लाइडवर परिच्छेद नको, एक तक्ता किंवा एक आलेख पुरे. उत्तर येत नसेल तर "हे मी तपासलेले नाही" असे सरळ सांगा. ज्याने स्वतः मोजले आहे तोच हे ताठ मानेने म्हणू शकतो. विकत घेणारा दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो.

आता व्यवस्थेचे. तोंडी परीक्षेत आणि अंतर्गत गुणांत जात कशी शिरते, हे एम्सबद्दलच्या थोरात समितीने 2007 मध्येच मांडले आहे. म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी तीन मागण्या लेखी द्याव्यात. विषय आणि गाइड यांचे वाटप सर्वांसमोर चिठ्ठीने किंवा गुणवत्तेने व्हावे. गुण कशाला किती, हे सत्राच्या सुरुवातीला फलकावर लागावे. गाइडच्या भेटींची नोंद दोघांच्या सहीने राहावी. एकट्याने नको, दहा जणांनी मिळून द्या आणि पोच घ्या. संघटित व्हा, हे फक्त मोर्च्यासाठी सांगितलेले नाही.

ज्यांच्या नोकऱ्या लागल्या आहेत त्यांनाही एक विनंती. चौदा एप्रिलच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा. एका मुलाचा रसायनांचा आणि एसटीचा खर्च भागला, तर रिपोर्ट विकणाऱ्याचे एक गिऱ्हाईक कमी होईल.

तो मुलगा काल आला होता. पिशवीत धुतलेल्या सहा बाटल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली. रिपोर्टवर सही तो करणारच आहे. पण आता ती स्वतःच्या कामाखाली असेल.

जयभीम! नमो बुद्धाय!