कायदे आहेत, तपासण्या कुठे आहेत?

संसर्गजन्य रोगांचा डॉक्टर म्हणून दोन दशकांहून अधिक काळ मी अतिदक्षता विभागांत उपचार करीत आलो आहे. या काळात क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर हे जिवाणू तेच राहिले. त्यांच्यावरील औषधे मात्र एकामागून एक निकामी होत गेली. अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम गटातील औषधेही आता अनेक रुग्णांना लागू पडत नाहीत. मग मूत्रपिंडांना अपायकारक म्हणून एकेकाळी मागे पडलेल्या कोलिस्टिनकडे वळावे लागते. शस्त्रक्रिया यशस्वी होते. रुग्ण मात्र संसर्गाने दगावतो. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधप्रतिरोधामुळे झाल्याचा अंदाज 'लॅन्सेट'ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला होता.

आपल्याकडे धोरणांची वानवा नाही. २०१२ मध्ये वैद्यकीय संघटनांनी चेन्नई जाहीरनामा मांडला. मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूची लागू झाली आणि तीतील प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक झाले. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०१९ मध्ये पशुपालनात कोलिस्टिनच्या वापरास मनाई झाली. तरीही चिठ्ठीवाचून प्रतिजैविके सर्रास मिळतात.

याचा दोष केवळ रुग्णाच्या अज्ञानावर किंवा दुकानदाराच्या लोभावर टाकणे सोयीचे असले, तरी अपुरे आहे. कल्चर तपासणीचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तालुक्याच्या ठिकाणी ही सोय बहुधा नसतेच. अशा वेळी तापाने फणफणलेल्या रुग्णासमोर बसलेला डॉक्टर अंदाजाने व्यापक परिणामाचे औषध लिहितो. रोजंदारी बुडवून दुसऱ्यांदा येणे रुग्णाला परवडत नाही, हेही त्याला ठाऊक असते. येथे नुसता बडगा उगारला, तर डॉक्टर नसलेल्या गावात न्यूमोनिया झालेल्या बालकाला साधे ॲमॉक्सिसिलिनही मिळणार नाही. औषधाअभावी होणारे मृत्यू हीदेखील या देशातील वस्तुस्थिती आहे.

निदान लोकांपर्यंत नेणे अशक्य नाही, हे क्षयरोग कार्यक्रमाने दाखवून दिले आहे. रिफॅम्पिसिनला जंतू दाद देतो की नाही, हे सुमारे दोन तासांत सांगणारी यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. तोच निर्धार इतर संसर्गांबाबत का नसावा? केरळने २०१८ मध्ये स्वतःचा राज्य आराखडा तयार केला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने इतरांनीही नुसता आराखडा न करता त्यासाठी निधी द्यायला हवा.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्राची सुसज्ज प्रयोगशाळा आणि संसर्गनियंत्रणासाठी प्रशिक्षित परिचारिका असावी. कोणते औषध कोठे चालत नाही, याची माहिती परिसरातील डॉक्टरांना नियमित मिळावी. नवी प्रतिजैविके शोधण्यास वर्षानुवर्षे लागतात. हाती उरलेली टिकवण्याचे काम मात्र येत्या अर्थसंकल्पापासूनच सुरू होऊ शकते.