आधी मोटर थांबली पाहिजे

पावसाळ्यात ई-सायकल दुकानात येते ती बहुधा एकाच तक्रारीनं: "मोटर मध्येच बंद पडते." मिस्त्री हँडलजवळचा दोन तारांचा कनेक्टर ओढून काढतो, मोटर लगेच फिरू लागते, गिऱ्हाईक खूश होऊन निघून जातं. काढलेलं टोक टेपमध्ये गुंडाळून हेडलाइटच्या मागे खोचलेलं असतं. ते टोक ब्रेक लिव्हरच्या कटऑफचं. कनेक्टरात पाणी शिरलं की दोन्ही तारा आतल्या आत जुळतात, कंट्रोलर समजतो की ब्रेक दाबला आहे आणि मोटर बंद करतो. म्हणजे दोष बरोबर सापडला. पण दोष शोधायला काढलेली वस्तू परत न लावता सायकल गिऱ्हाइकाच्या हवाली करणं, याला आम्ही दुरुस्ती म्हणणार नाही.

पायडल मारणं थांबवलं तरी असिस्टवरची मोटर क्षणभर ढकलत राहते. थ्रॉटल अडकलं तर ढकलतच राहते. कटऑफ नसेल तर अशा वेळी ब्रेकला सायकलही थोपवायची आणि मोटरशीही झुंजायचं.

बऱ्हाणपूरच्या लालबागेचं उदाहरण घेऊ. इथं रेल्वे स्टेशन आहे आणि सगळं शहरच पॉवरलूमचं. अशा गावात पाळीला जायला जुनी लोखंडी सायकल लागतेच, आणि तिच्या मागच्या चाकात हब मोटरचं किट बसवून घ्यायचा मोह होणारच. अडचण अशी की त्या सायकलला कांबीचे ब्रेक असतात. किटसोबत आलेली लिव्हर केबलवाली, ती कांबीला लागत नाही. मग ती खोक्यातच राहते आणि कटऑफही तिच्याबरोबर खोक्यात राहतो. शिवाय क्रोम चढवलेली लोखंडी रिम भिजली की ब्रेकचं रबर तिच्यावर धड पकडत नाही, हे कुठल्याही मिस्त्रीला सांगायला नको.

ताशी 15 किलोमीटरच्या वेगानं जाणारी सायकल 25 वर गेली की थांबवायची ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते. ब्रेकवर हात जायला एक सेकंद लागला तरी तेवढ्यात ती सुमारे 7 मीटर पुढे गेलेली असते. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: कांबीच्या ब्रेकवर किट बसवू नये. आधी पुढचं चाक अॅल्युमिनियम रिमचं आणि केबल ब्रेकचं करून घ्यावं, मोटरचं नंतर बघावं. गिऱ्हाईक ऐकतच नसेल, तर निदान कांबीवर छोटं चुंबक आणि फ्रेमवर रीड स्विच बसवून कटऑफ तरी चालू ठेवावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 2(यू) नियमाप्रमाणे मोटरची 30 मिनिटांची शक्ती 250 वॅटहून कमी असेल आणि ताशी 25 किलोमीटरच्या वेगाला ती आपोआप बंद होत असेल आणि नियमातल्या बाकीच्या अटीही पुऱ्या होत असतील, तर अशी पेडल-असिस्ट सायकल मोटार वाहन ठरत नाही. ब्रेकबद्दल नियम एवढंच म्हणतो की ते 'योग्य' असावेत. लायसन्स नाही, पासिंग नाही. म्हणजे ही सायकल तपासणारा माणूस एकच उरतो, तो म्हणजे दुकानातला मिस्त्री.  

डिस्कवाल्या सायकलींची दुखणी वेगळी. लूमच्या कारखान्यात उभ्या राहणाऱ्या सायकलीच्या डिस्कला तेल आणि रुई लागली का ते आधी बघा. चेनला मारलेला स्प्रेही डिस्कवर उडतो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून निघते, पण तेल प्यालेलं पॅड घासून सुधारत नाही, बदलावंच लागतं. शिमानोच्या पॅडवर अर्धा मिलिमीटर मसाला उरला की ते काढायचं, 1.8 मिलिमीटरची डिस्क 1.5 वर आली की तीही. नवं पॅड बसवल्यावर वीस-तीस वेळा बेताच्या वेगातून हळूहळू थांबवून ते बसू द्या. हायड्रॉलिक असेल तर लिव्हरवर काय लिहिलंय ते वाचा. मिनरल ऑईलच्या ब्रेकमध्ये शेजारच्या गॅरेजातलं मोटरसायकलचं डॉट ब्रेक ऑईल ओतलं तर सील फुगून ब्रेक निकामी होतो. आसीरगडाच्या बाजूचा घाट उतरणाऱ्यांना हेही सांगा की ब्रेक सतत दाबून धरू नका; दोन्ही मिळून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. तापलेलं पॅड पकड सोडतं.

या कामाला मजुरी कमी मिळते, हे आम्हाला ठाऊक आहे. किट बसवण्यात पैसे सुटतात, ब्रेक मात्र गिऱ्हाईक फुकटात बघून घ्यायला सांगतं. तेव्हा ब्रेक तपासणी बिलात वेगळी लिहा आणि तिचे पैसे घ्या.

तपासणी सोपी आहे. मोटरचं चाक उचलून थ्रॉटल थोडं द्या, डावी लिव्हर दाबा, मोटर थांबली पाहिजे. मग उजवी. थ्रॉटल नसेल तर पायडल हातानं फिरवत हेच करा. गिऱ्हाइकाच्या देखत करा. एका लिव्हरवर जरी मोटर फिरत राहिली आणि दुकानात स्विच शिल्लक नसला, तर सायकल ठेवून घ्या. स्विच आल्यावर द्या.